खाली दुकानं, वर ऑफिसं, मागे घरं आणि मधे हिरवा तुकडा: आराखड्यात बघायचं काय?

ओटा_आणि_उंबरा | सोमवार, रात्री ९.४०

आमच्या वस्तीत खाली दुकानं, वर ऑफिसं, मागच्या अंगाला राहत्या इमारती असा सगळा एकत्र कारभार आहे. मधोमध एक मोकळा तुकडा उरलाय, साधारण ६० मीटर लांब, ४० मीटर रुंद. अर्ध्या भागाखाली बेसमेंटचं पार्किंग, उरलेल्या अर्ध्याखाली खरी जमीन. इतकी वर्षं तिथे राडारोडा पडून होता. आता बाग व्हायचीय आणि आराखडा तपासायला म्हणून तिघांच्या समितीत माझं नाव घुसवलंय. माझी पात्रता: बाल्कनीत बारा कुंड्या, पैकी सात जिवंत.

आराखडा रंगीत आहे. मधे गोल हिरवळ, तिच्या मधोमध कारंजं, चार कोपऱ्यांतून चार वाटा येऊन त्याला मिळतात. कडेने छाटलेल्या झुडपांचं कुंपण, त्याबाहेर लोखंडी जाळी, एक दरवाजा, आठ बाक. वरून बघितलं की भरतकाम केल्यासारखं देखणं दिसतं. पण काहीतरी खटकतंय आणि काय ते नेमकं सांगता येत नाही. बाकी दोघांना "छान आहे की" वाटतं.

जाणकारांनी सांगावं, आराखडा हातात आला की पहिलं काय बघायचं? बैठकीला तीन आठवडे आहेत.

चिमटा | सोमवार, रात्री ९.५२

कारंजं पहिल्या वर्षी चालेल. दुसऱ्या वर्षी त्यात कुंड्या ठेवतील. तुमच्या पाच रिकाम्या कुंड्या जपून ठेवा.

नकाशेवाला | सोमवार, रात्री ११.१५

पोटापाण्याचा धंदाच हा आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

ताई, तुमचं खटकणं बरोबर आहे. कागद टेबलावरून उचला आणि डोळ्यांच्या उंचीला आडवा धरा, कड तुमच्याकडे. काय दिसतं? एक रेघ. बागेत येणाऱ्या माणसाला तो गोल, त्या चार वाटा, यातलं काहीही दिसणार नाहीये. त्याला आधी जाळी दिसेल, मग झुडपं, मग दार सापडलंच तर बाकावर बसलेल्याची पाठ. नकाशा वरून काढतात कारण दुसरा इलाज नसतो. तो वरून आवडून घ्यायचा नसतो.

आता खरा मुद्दा. मिश्र वस्तीतली बाग मधून बाहेर आखायची नसते, कडेकडून आत आखायची असते. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियातले चौक घेऊन हे दाखवलं होतं. ते चौक शहर पहिल्यांदा आखलं तेव्हाच, सतराव्या शतकात राखून ठेवलेले. आकार साधारण सारखे, शहराच्या मध्यापासूनचं अंतरही जवळपास सारखं. तरी रिटनहाउस स्क्वेअर दिवसभर जागता आणि वॉशिंग्टन स्क्वेअर ओस. फरक झाडांत नव्हता, शेजारात होता. रिटनहाउसभोवती घरं, दुकानं, ऑफिसं अशी सरमिसळ, त्यामुळे एक उठला की दुसरा येऊन बसायचा. वॉशिंग्टनभोवती तेव्हा मुख्यतः ऑफिसं. सगळे एकदम येणार, एकदम जाणार आणि उरलेला दिवस चौक रिकामा. रिकामी जागा फार काळ नुसती रिकामी राहत नाही हेही त्यांनीच लिहून ठेवलंय.

तुमच्याकडे ती सरमिसळ आयती आहे. आणि आराखड्याने तिला जाळीबाहेर उभं केलंय.

तेव्हा गृहपाठ: एक कामाचा दिवस आणि एक सुट्टीचा दिवस धरा. दर दोन तासांनी दहा मिनिटं तिथे जाऊन उभ्या राहा. कोण येतं, कुठून कुठे जातं, थांबतं का, त्या वेळी सावली कुठे असते, एवढंच टिपा. राडारोड्यातूनही एखादी पायवाट पडली असेल. ती मोजून कागदावर काढा. ती फुकटात मिळालेली सर्वेक्षणाची रेघ आहे.

तिरपी_मान | मंगळवार, सकाळी ८.०५

सगळं पुस्तकी. माझं दुकान अशाच एका बागेच्या कडेला आहे. पहिली दोन वर्षं झकास. मग पाटीसमोरचं झुडूप आठ फूट वाढलं. कापलं तर मी निसर्गद्रोही, नाही कापलं तर गिऱ्हाईक पलीकडून निघून जातं. आणि माल उतरवायची गाडी कुठे लावायची हे तुमच्या रंगीत कागदावर कधीच नसतं. मग गाडी फुटपाथवर चढते, फरशी फुटते, आणि बोलणी कोणाला? दुकानदाराला.

नकाशेवाला | मंगळवार, सकाळी ८.४०

यात पुस्तकी काय, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. दुकानांसमोर उंच खोडाची झाडं लावायची, पहिली फांदी अडीच मीटरच्या वर. खाली लागवड गुडघ्याएवढीच. मधला पट्टा नजरेला मोकळा. पाटी दिसते, दुकानातून बाग दिसते आणि बागेवर कोणाचीतरी नजर आपसूक राहते. मालाच्या गाडीसाठी कडेला जड फरशीचा पट्टा आणि ठरलेली वेळ. उरलेल्या वेळात तोच पट्टा पायी चालणाऱ्यांचा.

तिरपी_मान | मंगळवार, सकाळी ८.४४

बरं. मग आठ फुटांचं झुडूप तिथे कोणी लावलं होतं तेही सांगा.

नकाशेवाला | मंगळवार, सकाळी ८.४७

आमच्यापैकीच कोणीतरी. कबूल.

पाणलोट | मंगळवार, दुपारी १.२०

मूळ धाग्यातलं "अर्ध्या भागाखाली पार्किंग" हे वाक्य सगळ्यांनी ओलांडलं म्हणून लिहितो. कारंज्याचं नंतर भांडा. आधी उभा छेद मागा, म्हणजे जागा उभी कापली तर वरपासून खालपर्यंत काय काय आहे ते दाखवणारं चित्र. नुसता नकाशा देऊन छेद न देणारा आराखडा अर्धा आहे असं समजा.

स्लॅबवर माती किती जाड आहे त्यावर तिथे काय जगेल ते ठरतं. गवताला वीसतीस सेंटीमीटरवर भागतं, झुडपांना अर्धा मीटर तरी हवी, लहान चणीच्या झाडाला मीटरभर. मोठं झाड स्लॅबवर नकोच. ओली माती घनमीटरला जवळजवळ दोन टन भरते, म्हणजे मीटरभर जाडीचा थर दर चौरस मीटरला तेवढं ओझं टाकतो. इमारत बांधताना हे धरलं होतं का हे स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लेखी घ्या. तोंडी "होईल हो" चालणार नाही. स्लॅबपासून वर येताना जलरोधक थर, मुळं अडवणारा थर, निचऱ्याचा थर, गाळणीचं कापड, मग हलकी माती, हा क्रम छेदात दिसला पाहिजे. नाहीतर चौथ्या वर्षी खालच्या गाड्यांवर ठिबक सिंचन सुरू होतं.

मोठी झाडं सगळी खऱ्या जमिनीच्या अर्ध्यात. मोठ्या झाडाला पंचवीसतीस घनमीटर भुसभुशीत माती लागते असा आमच्याकडे अंदाज धरतात. मुळं लोकांना वाटतं तितकी खोल जात नाहीत. बहुतेक वरच्या मीटरभरातच पसरतात. त्यामुळे फरशीत मीटर बाय मीटरचा चौकोन ठेवून त्यात झाड खोचणं म्हणजे त्याला कुंडीत लावल्यातच जमा.

आणि हे अधोरेखित करून घ्या: बांधकाम सुरू होण्याच्या आधी त्या खऱ्या जमिनीला पत्रे लावून बंद करा. खडीचे ढीग, मिक्सर, ट्रक, सगळं स्लॅबच्या बाजूला नाहीतर रस्त्यावर. ट्रकने दाबलेली माती वरून तशीच दिसते, पण आत हवा नाही, पाणी नाही. त्यावर चार बोटं लाल माती पसरून फोटो काढतात आणि झाडं तीन वर्षं तशीच खुरटी उभी राहतात.

ओटा_आणि_उंबरा | मंगळवार, दुपारी २.०२

छेद मागितला. उत्तर आलं, "तो कामाच्या वेळी बनवू."

पाणलोट | मंगळवार, दुपारी २.०५

म्हणजे अजून कोणी विचार केलेला नाही. परत मागा.

दोन_पोरांची_आई | मंगळवार, रात्री ८.३०

सगळे झाडं, माती, सावली करताय. पोरांनी खेळायचं कुठे? मला ती गोल हिरवळ आवडली बुवा. धावायला मोकळी जागा नसली की पोरं शेवटी पार्किंगच्या उतारावरच खेळतात.

गवतफुला | मंगळवार, रात्री ९.१०

बागांच्या देखभालीची कामं घेतो, तेव्हा हिरवळीबद्दल दोन शब्द. हिरवळ वाईट नाही. पण तिला दिवसात निदान पाचसहा तास ऊन लागतं. उंच इमारतींच्या मधे ते कुठे मिळतं हे २१ जून आणि २१ डिसेंबरच्या सावल्या काढून बघावं लागतं. ताईंच्या आराखड्यात ती बरोब्बर मधे आहे, कारण मधे गोल शोभतो. ऊन बघून ती ठेवलेली वाटत नाही.

दुसरं म्हणजे तुडवण. पन्नास पोरं रोज एकाच गोलात खेळली की गवत मधून टकलं होतं. मग समिती "हिरवळीवर चालू नये" अशी पाटी लावते. पाटी लागली की ती हिरवळ राहत नाही, गालिचा होतो, आणि त्या गालिच्याला दर आठवड्याला कापणी, पाणी, खत, सगळं लागतंच. त्यापेक्षा खेळायचा भाग वेगळा काढा, तिथे दाबलेली बारीक खडीमिश्रित माती चालते. हिरवळ लहान ठेवा, पण खरी ठेवा, लोळता येईल अशी.

दोन_पोरांची_आई | मंगळवार, रात्री ९.२५

मातीचं मैदान म्हणजे कपडे धुणार कोण हा प्रश्न आहे, पण ठीक. पटलं.

काठी_टेकत | बुधवार, सकाळी ६.१०

वय वर्षं ७६. बागेचा खरा गिऱ्हाईक मी.

बसायची उंची ४५ सेंटीमीटरच्या आसपास पाहिजे. त्याहून खाली असलं की बसता येतं, उठता येत नाही. पाठ टेकायला हवी, उठताना धरायला हाताशी दांडा हवा. दगडाचा नुसता ठोकळा म्हणजे "बसलात? आता निघा" असा निरोप. आम्ही ज्या बागेत जातो तिथे काळ्या पॉलिशच्या दगडाचे बाक आहेत. दुपारी चारला त्यावर हात ठेवून दाखवावा कोणी. सहा वाजेस्तोवर ते तापलेले असतात आणि साडेसहाला डास येतात. वापराची वेळ अर्धा तास.

आणि त्यांची तोंडं भिंतीकडे. भिंतीवर वेल सोडलाय म्हणून. बाळांनो, म्हाताऱ्या माणसाला फुलं बघायची नसतात, माणसं बघायची असतात.

नकाशेवाला | बुधवार, सकाळी ९.३०

काका, तुमचा प्रतिसाद छापून आमच्या ऑफिसात लावतोय.

विल्यम व्हाइट नावाच्या माणसाने १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या ऑफिसांसमोरच्या चौकांवर कॅमेरे लावून महिनोन्‌महिने चित्रण केलं. काही चौक भरलेले, काही त्याच रस्त्यावर रिकामे, हे कसं? आकार, शोभा, रचना सगळं तपासून शेवटी हाती लागलं ते इतकं साधं की हसू यावं. जिथे बसायची सोय तिथे माणसं बसतात. त्याच अभ्यासातून १९७५ मध्ये तिथे नियम आला: चौकाच्या दर ३० चौरस फुटांमागे १ फूट लांबीची बैठक हवी.

तो नियम फरसबंद चौकांचा, बागेला तसाच्या तसा लावू नये. तरी गंमत म्हणून गणित करा. २,४०० चौरस मीटर म्हणजे पंचवीस हजार चौरस फुटांच्या वर. नियमाने साडेआठशे फूट बैठक होते. तुमच्याकडे आठ बाक, सहाफुटी धरले तर ४८ फूट. पाव हिस्साच जागा बसायची धरली तरी दोनशेच्या वर हवी.

एवढे बाक मांडायचे नसतात. पाणलोट यांनी सांगितलेली अर्ध्या मीटरची माती स्लॅबवर आणायची तर उंच कट्ट्यांचे वाफे करावेच लागणार. त्या कट्ट्याची उंची ४५ सेंटीमीटर आणि माथा ४० सेंटीमीटर रुंद ठेवला की झुडपांना माती मिळाली आणि माणसांना बैठक, एकाच खर्चात. काकांसाठी पाठ आणि दांडा असलेले बाक वेगळे, दर थोड्या अंतरावर, वाटेच्या कडेला, वाटेकडे तोंड करून.

चिमटा | बुधवार, सकाळी ९.४१

कट्टा! दोन दिवसांच्या चर्चेनंतर तज्ज्ञांना कट्ट्याचा शोध लागला.

रातकिडा | बुधवार, सकाळी ९.५५

मी रात्रपाळीचा. रात्री दीडला घरी येतो, आणि अशा एका बागेला वळसा घालून येतो, कारण मधून जायची हिंमत होत नाही. दिवे भरपूर आहेत. उंच खांबावरचे पांढरेफेक, सरळ डोळ्यात. दिव्याखाली लख्ख आणि दोन पावलांवर काळोख. वर डोक्याइतकं झुडपाचं कुंपण, पलीकडे कोण उभंय ते कळत नाही.

उजेड कमी चालेल, पण सारखा पसरलेला आणि खाली वळवलेला हवा. रंग पिवळसर, ३००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, खोक्यावर लिहिलेलं असतं) किंवा त्याखाली, किड्यापाखरांनाही त्याचा त्रास कमी. आणि आत शिरण्याआधी बाहेर पडायची वाट दिसली पाहिजे. एकच दरवाजा असलेल्या बागेत रात्री मी तरी पाय ठेवणार नाही.

ओटा_आणि_उंबरा | बुधवार, सकाळी १०.१५

जाळी आणि एक दरवाजा हे "सुरक्षेसाठी" असं समितीतल्या एकांचं ठाम म्हणणं आहे. त्यांना काय सांगू?

नकाशेवाला | बुधवार, सकाळी ११.००

ब्रायंट पार्कची गोष्ट सांगा. न्यूयॉर्कच्या ऐन मध्यात. १९३४ मध्ये ते नव्याने केलं तेव्हा रस्त्यापेक्षा उंच उचललं, भोवती झुडपं आणि लोखंडी कुंपण. हेतू शांततेचाच होता. १९७० च्या दशकात आतलं बाहेर दिसत नाही म्हणूनच ते अमली पदार्थ विकणाऱ्यांचा अड्डा झालं. व्हाइट यांनाच सल्ला विचारला. पहारेकरी वाढवा एवढ्यावर न थांबता त्यांनी झुडपं काढा, पायऱ्या रुंद करा, जास्त ठिकाणांहून आत येऊ द्या असं सांगितलं. १९९२ मध्ये ते पुन्हा उघडलं, हलवता येणाऱ्या सुट्या खुर्च्यांसकट. आज तिथे बसायला जागा शोधावी लागते.

खेळणाऱ्या लहान पोरांच्या कडेला, गाड्यांच्या बाजूला, कमरेइतकी जाळी जरूर लावा. सगळ्या बागेला पिंजरा नको.

तिरपी_मान | बुधवार, सकाळी ११.२०

सुट्या खुर्च्या! पहिल्या रात्री गायब.

गवतफुला | बुधवार, दुपारी १२.१०

काही जातीलच. पण बघा, व्हाइटच्याच चित्रणात माणसं बसण्याआधी खुर्ची उचलून इकडची तिकडे जरा सरकवतात, बरेचदा परत तिथेच ठेवतात. ती जागा माझी झाली, एवढंच त्यात असतं. दहा खुर्च्या ठेवून बघा, रात्री दुकानदारांपैकी कोणी आत घेईल का विचारा.

तिरपी_मान | बुधवार, दुपारी १२.१४

म्हणजे शेवटी काम दुकानदारालाच.

(पण आमच्या बागेत असत्या तर घेतल्या असत्या मी.)

ओटा_आणि_उंबरा | पुढचा सोमवार, रात्री १०.३०

गृहपाठ केला. गुरुवारी आणि रविवारी, वही घेऊन. शेजाऱ्यांना वाटलं मला काही झालंय.

पायवाट आहे! कोपऱ्यातल्या बसथांब्यापासून मागच्या इमारतीच्या फाटकापर्यंत, तिरकी, राडारोड्याला वळसा घालून. साडेआठ ते नऊ या अर्ध्या तासात चौतीस माणसं त्यावरून गेली. आराखड्यातल्या चारही वाटांपैकी एकही तिच्यावर पडत नाही. कारंज्याच्या जागेवरून जाणारं कोणी नाही, कारण तिथून कुठेच जायचं नसतं.

दुपारी सव्वाला ऑफिसातली माणसं खाली उतरली. भिंतीलगत मीटरभर सावली होती. एकोणीस जण त्या सावलीत एका रांगेत भिंतीला पाठ लावून उभे, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. सावली सरकली तशी रांग सरकली. मला हसू आलं आणि मग वाईट वाटलं. एकालाही बसायला जागा नव्हती.

चार ते सहा कोणी नाही. पश्चिमेचं ऊन थेट आत येतं, उभं राहवत नाही. सहानंतर पोरं पार्किंगच्या उतारावर (दोन_पोरांची_आई, तुम्ही मनकवड्या आहात). मागच्या इमारतीतले एक आजोबा फुटक्या सिमेंटच्या ठोकळ्यावर पिशवी अंथरून बसतात. रोज, असं कळलं. ठोकळा त्यांनी स्वतः ढकलून उताराकडे तोंड येईल असा फिरवलाय.

काठी_टेकत | मंगळवार, सकाळी ५.५५

त्या ठोकळ्याच्या जागी बाक द्या. जागा हलवू नका. त्यांनी सर्व्हे करून ठेवलाय.

नकाशेवाला | मंगळवार, सकाळी ९.००

एवढ्यावर आराखडा जवळजवळ झालाच. तिरकी पायवाट हीच मुख्य वाट, रुंद करा, उतार १:२० (वीस फुटांत एक फूट) पेक्षा चढा नको म्हणजे चाकाची खुर्ची आणि बाळाची गाडी विनासायास जाते. पश्चिमेच्या कडेला खऱ्या जमिनीत मोठी झाडं, दोन रांगांत. (पश्चिमेची जमीन खरी आहे ना?) ऑफिसच्या बाजूला कट्ट्याचे वाफे आणि मांडव. खेळायची जागा आजोबांच्या समोर.

ओटा_आणि_उंबरा | मंगळवार, सकाळी ९.१२

पश्चिमेला खरी जमीन आहे. पहिल्यांदाच काहीतरी मनासारखं झालं.

पाणलोट | मंगळवार, दुपारी १२.४५

पाण्याचंही आताच बसवून घ्या. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमची स्लॅबची बाजू १,२०० चौरस मीटर. ४० मिलिमीटरची सर आली की अठ्ठेचाळीस हजार लिटर. आराखडा ते गटारात सोडत असणार. ते उताराने खऱ्या जमिनीकडे वळवा, मोठ्या झाडांच्या पुढ्यात वीतभर खोल पसरट खळगा करा आणि ओलं कोरडं दोन्ही सोसणाऱ्या तिथल्याच मूळच्या वनस्पती लावा. जास्तीचं पाणी जायला वरच्या पातळीवर तोंड ठेवा. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅममध्ये २०१३ साली बेंथेमप्लेन नावाचा अख्खा चौक असा केलाय. एरवी खेळायचे खोलगट चौक, जोराचा पाऊस आला की त्यांत पाणी साठतं.

त्याआधी फूटभर खोल खड्डा खणून पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा आणि दुसऱ्यांदा किती वेळात जिरतं ते घड्याळ लावून बघा. डासांची भीती घालतील. दोन दिवसांत जिरणाऱ्या पाण्यात डासाची पैदास पूर्ण होत नाही, अंड्यापासून डास उडेपर्यंत साधारण आठवडा लागतो. भीती घालणाऱ्यांना कारंज्याचं बंद पडलेलं टाकं दाखवा.

हिरवी_बोटं | मंगळवार, संध्याकाळी ७.००

वाचतेय. अवांतर: शहरातल्या झाडांचे अभ्यासक सेसिल कोनाइनेनडाइक यांनी २०२१ मध्ये मांडलेला ३-३०-३०० नियम कोणी सांगितला नाही अजून. घरातून तीन झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के झाडांची सावली असावी, ३०० मीटरच्या आत बाग असावी. ताईंच्या बागेने शेवटचा आकडा गाठला. पहिल्या दोघांसाठी आजूबाजूच्या रस्त्यांकडे बघावं लागेल.

गवतफुला | मंगळवार, रात्री ९.३०

रोपांबद्दल एकच सांगतो. "पहिल्या दिवशीच बाग भरलेली दिसावी" म्हणून बारापंधरा फुटी झाडं आणवतील. त्यांची बरीचशी मुळं उपटतानाच तुटलेली असतात, दोनतीन वर्षं ती जागची हलत नाहीत. माणसाएवढं रोप लावा, काही वर्षांत ते त्यांना गाठतं. आणि खोडाशी मातीचा ढीग करू देऊ नका, खोड कुजतं. पालापाचोळा आळ्यात पसरा, खोडापासून चार बोटं लांब.

ओटा_आणि_उंबरा | दोन आठवड्यांनी, रात्री ११.०५

बैठक झाली. लिहायला उशीर झाला कारण आधी जरा रुसून बसले होते.

मिळालं ते: तिरकी वाट. पश्चिमेची झाडं. कट्टे. तीन बाजूंनी आत यायच्या वाटा, जाळी फक्त खेळाच्या कडेला. छेद (शेवटी आला, त्यात स्लॅबवरची माती पंधरा सेंटीमीटर होती आणि वर झाडं काढलेली. इंजिनियरबाई तिथेच हसल्या). जमिनीला पत्रे लावायचं लेखी झालं. खड्डा मी स्वतः खणला, दुसऱ्यांदा भरलेलं पाणी पाच तासांत जिरलं.

नाही मिळालं ते: सुट्या खुर्च्या. "बघू." आणि कारंजं राहिलं. दोन विरुद्ध एक.

नकाशेवाला | दोन आठवड्यांनी, रात्री ११.२०

हे खूप झालं. आता कारंज्याला कामाला लावा. पेली पार्क म्हणून न्यूयॉर्कमधली एक चिमुकली जागा आहे, १९६७ ची, ४२ फूट बाय १०० फूट. मागच्या भिंतीवरून वीस फूट उंचीचं पाणी पडतं आणि त्या आवाजात रस्त्यावरच्या गाड्या बुजून जातात. पाणी मधे उडवण्यापेक्षा बैठकीजवळच्या भिंतीवरून पडू दे. मतदानही राखलं जाईल आणि हिरवळीची जागाही सुटेल.

चिमटा | दोन आठवड्यांनी, रात्री ११.२६

कुंड्यांची सोय गेली म्हणायची.

गवतफुला | दुसऱ्या दिवशी, सकाळी ७.१५

ताई, अभिनंदन. शेवटचा एक प्रश्न, माझ्या कामापुरता. साठ बाय चाळीसच्या जागेत माळ्याने पाणी घालायचं कुठून? आराखड्यात नळ कुठे दाखवलेत?

ओटा_आणि_उंबरा | दुसऱ्या दिवशी, सकाळी ७.४०

थांबा, बघते.

ओटा_आणि_उंबरा | दुसऱ्या दिवशी, सकाळी ७.५५

एकही नाहीये.